काठीचं दुसरं टोक

"माझ्या भावाला तेवढं अख्खं परत आणा," बायकोनं बजावलं होतं. म्हणून डोंगर उतरताना धुकं दाटलं, तसं दाजींनी काठीचं एक टोक मेहुण्याच्या हातात दिलं आणि दुसरं धरून ते पुढे झाले. मेहुणा मागून ओल्या बुटांना शिव्या घालत होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

मग वारा सुटला आणि धुकं फाटलं. खालच्या वळणावर, खडकावर बसून मेहुणा बुटातलं पाणी ओतत होता.

"काय दाजी, कासवसुद्धा पोचलं असतं एव्हाना. आणि काठी कोणाला दिलीत धरायला?"

दाजींना वळून बघायचं होतं, पण मान तयार होईना.

काठीला मागून हलका हिसका बसला.

"चला दाजी," मेहुण्याचाच आवाज कानाशी आला. "ताईला भाऊ एकच आहे."