एकतिसावा वेलाफी

माशेझी तिसऱ्यांदा त्या भिंतीपाशी आली आणि तिसऱ्यांदा तिला तेच वाटलं. हा आपला नवरा आहे, आणि नाहीही.

भिंतीवर तीस वेलाफी टांगले होते. सगळे काचेमागे, सगळे एकाच काळ्या शाईतले, सगळे तिच्याकडेच बघत होते. प्रत्येकाच्या खाली लेकीने पेन्सिलीने बारीक आकडे घातले होते. तिसातला पहिला, तिसातला दुसरा, असे.

"झिबू, यातला खरा कुठला गं?"

"सगळेच खरे, मा," झिबुयिले म्हणाली. "एकाच कोरलेल्या पाटीवरून छापलेत मी."

"मग तो टकल्या पहिल्यासाठी का भांडतोय?"

टकल्या म्हणजे फूरीसाहेब. डर्बनच्या त्यांच्या घरात म्हणे न्हाणीघरातसुद्धा चित्रं. त्यांना एक नंबरच हवा होता आणि तो कुणा डॉक्टरीणबाईने आधीच उचलला होता. झिबुयिले नुसती हसली. एरवी माशेझीही हसली असती, पण आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नाक त्याचंच. कपाळावरच्या आठ्या त्याच्याच. खाणीत तार तुटून गालावर बसली होती, तो वणसुद्धा होता. तरी कुणी परका माणूस वेलाफीचा कोट घालून दारात उभा राहावा, तसं काहीतरी होत होतं. खोपट जळालं त्यात त्याचे फोटो गेले, एकही उरला नाही. तो गेल्यापासूनच्या सतरा वर्षांत आपल्याच डोक्यातून त्याचं तोंड पुसलं गेलं की काय? बायकोच विसरली तर त्याला ओळखणारं राहिलं कोण?

तेवढ्यात चित्रदालनाच्या मालकीण मिसेस पिल्ले यांनी टाळी वाजवून सगळ्यांना मधल्या टेबलाशी बोलावलं. टेबलावर काहीतरी कापडाखाली झाकून ठेवलं होतं.

"तीस प्रती झाल्या. एकतिसावी निघणार नाही, असा आमचा शब्द आहे," त्या म्हणाल्या. "झिबुयिले आता तुमच्यादेखत पाटीवर रेघ मारेल. मग संपलं."

हे माशेझीला कुणी सांगितलंच नव्हतं. कापड बाजूला झालं. शाईने काळी पडलेली, रबरासारख्या मऊ लिनोची पाटी, आणि तिच्यात कोरलेला वेलाफी. माशेझी बघतच राहिली. हाच तो. आता काही विचारायचं कारणच नव्हतं.

झिबुयिलेने कोरणी उचलली.

"थांब. बापाच्या तोंडावर रेघ मारतेस?"

"मा, ही रीतच आहे गं. नाही मारली तर लोक म्हणतील, ही मागाहून गुपचूप आणखी छापेल."

"मग त्या भिंतीवरच्या कुणावरही मार. ते तो नाहीतच."

ज्यांना झुलू कळत होती ते हसले. माशेझीने तिकडे लक्षही दिलं नाही. तिने डावा हात पुढे केला आणि पाटीवरच्या गालाला लावला. वण बरोबर बोटांखाली आला.

"असा. समोर जेवायला बसायचा तेव्हा माझ्या उजव्या हातात पळी असायची, म्हणून हा हात लागायचा." मग ती भिंतीकडे गेली, तोच हात तसाच काचेवर टेकवला. काचेमागे गाल गुळगुळीत होता. वण पलीकडच्या गालावर. "आता सांग, हा कोण?"

झिबुयिलेचं तोंड उतरलं. पाटीवर उलटं कोरायचं म्हणजे कागदावर सुलटं उमटतं, हे ती शाळेतल्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवायची.

"आठवेल तसा कोरत गेले," ती हळूच म्हणाली. "उलटं करायचं भानच राहिलं नाही. पहिला कागद उचलला तेव्हा खटकलं होतं. पण मा, बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वाटलं, माझंच चुकत असेल."

"मलाही आत्तापर्यंत तेच वाटत होतं," माशेझी म्हणाली आणि तिला एकदम बरं वाटलं. "ही पाटी मला दे. पेटीत ठेवीन. कुणाच्या हाती लागू देणार नाही."

मिसेस पिल्ले जवळ आल्या. त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. "मा, तुम्ही ठेवाल हो. तुमच्या मागे कोण ठेवेल? तीस जणांनी माझ्या शब्दावर घेतलंय."

झिबुयिलेने पाटीवरच्या वणावर नख ठेवलं.

"रेघ कुठून मारायची, असा काही नियम नाही ना?"

"चेहऱ्यातून गेली पाहिजे. छापली तर लपता कामा नये, एवढंच."

तिने कोरणी कपाळावर टेकवली. उजव्या डोळ्याच्या कडेने खाली आणली, वणात घातली, वणातूनच पुढे नेली आणि हनुवटीच्या खाली काढली. लिनोची एक लांब साल निघून टेबलावर पडली. फूरीसाहेबांनी चष्मा लावून, वाकून पाहिलं आणि मान डोलावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गर्दी पुन्हा भिंतीकडे वळल्यावर माशेझीने त्या रेघेवरून बोट फिरवलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश.

"एवढीच होती," ती म्हणाली. "खाणीतून घरी आला त्या दिवशी जखम एवढीच लांब होती. तू व्हायची होतीस अजून. मग हळूहळू भरत गेली."