आतली कडी

“अहो काकू, कोठीच्या खोलीला आतून कडी? डाळ-तांदूळ काय पळून जाणार होते?”

लेबलताई चौथा स्क्रू काढता काढता हसत होती. काकूही हसल्या. “काढून टाक ती,” एवढंच म्हणाल्या. “आता काय गरज?” कडी लेबलताईच्या ॲप्रनच्या खिशात गेली. दारावर चार भोकं उरली. ती रंगाआधी बुजवायची होती.

लोकांच्या कोठीच्या खोल्या लावून द्यायच्या, सजवायच्या, हा लेबलताईचा धंदा. तिचं खरं नाव गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. नेम मात्र तिचा पक्का होता: झाकण उघडून वास घेतल्याशिवाय लेबल चिकटवायचं नाही. पूर्वी एका घरी धुण्याच्या सोड्यावर ‘साखर’ लिहून मोकळी झाली होती बया. त्या घरच्या चहानं तिला जन्माची अद्दल घडवली.

सत्तरीच्या काकूंना सगळं पिवळं हवं होतं. फळ्या पिवळ्या, कागद पिवळा, बरण्यांच्या गळ्याला पिवळ्या फिती. बाकीचं घर पांढरंफटक होतं, अगदी ताटंसुद्धा. “यांना रंग खपायचा नाही,” काकू म्हणाल्या. “चाळीस वर्षं खपला नाही. ही एक खोली तरी माझ्या मनासारखी होऊ दे गं.” आणि गुणगुणायला लागल्या. आवाज फाटका होता, पण सकाळपासून थांबला म्हणून नव्हता.

लेबलताईला त्यांचा फार लळा लागला. इतकी खूश झालेली म्हातारी तिनं बघितली नव्हती. कॉफी हुंगून झाली, दालचिनी झाली, मसुराची डाळ झाली. पटापट झाकण, वास, लेबल; झाकण, वास, लेबल. मग अगदी वरच्या फळीवर, मागे, काचेची एक गलेलठ्ठ बरणी सापडली. झाकणाभोवती मेण ओतून बंद केलेली. आत काहीच नव्हतं.

“ही रिकामीच आहे. घासायला टाकू?”

गुणगुणणं थांबलं. “ती राहू दे. तिच्यात आमचे हे आहेत.”

लेबलताईला वाटलं, काकू थट्टा करतायत. पण काकू बरणीकडे बघतही नव्हत्या. “गेले ना, तेव्हा मी उशाशीच होते. शेवटचा श्वास सुटला आणि मी झाकण लावलं. चार वर्षं झाली.”

लेबलताईनं बरणी अलगद छातीशी धरली. केवढं हे प्रेम! आपला नवरा गेला तर आपण काय भरून ठेवू, घोरणं? “छानसं लेबल लावते त्याला,” ती म्हणाली.

“नको, नको. आहे तिथंच ठेव,” म्हणून काकू पुन्हा गुणगुणत कॉफी करायला स्वयंपाकघरात गेल्या.

नको म्हणतात, पण लावलं की डोळे भरून येतील त्यांचे, असं लेबलताईनं परस्परच ठरवून टाकलं. सगळ्यात चांगला कागद काढला, कडेनं फुलं काढली आणि मधे झोकदार अक्षरात लिहिलं: ‘आमचे हे’. डाव्या हातात लेबल होतं. उजवा हात आपला सकाळभराच्या सवयीनं झाकणाकडे गेला. मेण तडकलं. नाक बरणीत गेलंसुद्धा.

तंबाखू. दाढीचा साबण. आणि घामानं भिजलेला कातडी पट्टा.

“अगं बाई!” तिनं घाईघाईनं झाकण दाबलं, लेबल चिकटवलं, फडक्यानं बरणी पुसली. काकूंना कळायचंही नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

स्वयंपाकघरातलं गुणगुणणं थांबलं होतं. कप फुटल्याचा आवाज आला. मग पलीकडच्या खोलीत कुणीतरी घसा खाकरला. भरदार, पुरुषी घसा. घरात तर या दोघींशिवाय कुणी नव्हतं.

काकू गुडघ्यांची पर्वा न करता धावत आत आल्या आणि त्यांनी पाठीमागे दार लोटलं. चेहरा पांढरा पडला होता.

“उघडलीस?”

“चुकून हो काकू, हाताची सवय! लगेच लावलं झाकण. आठवण काय अशी उडून जाते?”

“आठवण?” काकूंनी दाराला पाठ लावली. “कोंडून ठेवलं होतं गं मी त्यांना.”

बाहेर बुटांचा आवाज आला. काही घाई नसलेला. एक एक पाऊल टाकत तो दाराशी येऊन थांबला.

काकूंचा हात, न बघताच, दारावरच्या नेहमीच्या जागी गेला. बोटांना चार भोकं लागली.