मुलाखतीची वीस मिनिटं

काचेपलीकडे दिगंबर येऊन बसला, तसा यमुनाबाईंनी फोन उचलला. तुरुंगातल्या मुलाखतीला वीस मिनिटं मिळत. महिन्याभरात घरी जे काही चांगलं घडलं असेल, ते त्या दर खेपेला लेकाला सांगत.

“शेवग्याला पहिल्यांदाच शेंगा धरल्या बघ. शेजारची रुक्साना नर्स झाली, पेढे घेऊन आली होती. आणि मांजर व्यायली, तीही तुझ्या बाबांच्या कपाटात!”

“बाबा ओरडले असतील.”

“नाही रे. राहू दे म्हणाले तिला.”

ते खरंच तसं म्हणाले होते. त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले. खटल्याचा निकाल आठवड्यावर आला होता, तोवर पोरगं खचायला नको म्हणून यमुनाबाईंनी त्याला कळवलंच नव्हतं. आज येताना एसटी स्टँडवर आरशात बघून त्यांनी कपाळाला कुंकूही लावलं होतं.

दिगंबर बराच वेळ त्या कुंकवाकडे बघत राहिला.

“आई, परवा आपल्या गावचा एक जण आत आलाय. त्यानं सांगितलं मला.”

यमुनाबाईंनी पदरानं कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं.

“फार त्रास झाला का गं त्यांना?”

“नाही. जेवले, आडवे झाले, झोपेतच गेले.”

“आणि अग्नी कोणी दिला?”

“मी दिला. भाऊबंद नको म्हणत होते. पण तुझ्या वाटचं दुसऱ्या कुणाला कसं करू देऊ?”

दिगंबरनं फोन खाली ठेवला, हात जोडले आणि काचेपलीकडूनच वाकून आईला नमस्कार केला.