दहा वर्षं

गडचिरोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या करुणा मॅडमचं संशोधन पेपरात आलं: कर्करोगाच्या पेशी व्हिटॅमिन हावऱ्यासारखं ओढून घेतात, म्हणून त्यालाच धातूचं औषध जोडून आत पाठवायचं. दुसऱ्याच दिवशी बल्लारपूरचे बाबूभाई टेलर प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी बायकोच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. “मॅडम, यालेच औषध जोडून द्या ना. डॉक्टरनं तिचे दोनच महिने सांगितले.” “भाऊ, आमचं काम अजून काचेच्या बशीतल्या पेशींवरच आहे. माणसांपर्यंत यायला दहा वर्षं लागतील.” बाबूभाई खाली बसले. तेवढ्यात बायकोचा फोन आला. “काय म्हणते मॅडम?” “दहा वर्षं म्हणते,” ते म्हणाले. पलीकडे ती आनंदानं हसली. बाबूभाईंनी मॅडमसमोर हात जोडले आणि फोन पुढं केला. “मॅडम, माह्याजवळ खरंच दहा वर्षं हायेत?” तिनं विचारलं. “हो, भाभी,” करुणा मॅडम म्हणाल्या.