चुंबकाचा जोर

वर्कशॉपची वाटणी झाली तेव्हा लेथ मोठ्याकडे गेलं आणि चुंबकात पुन्हा जोर भरायचं मशीन धाकट्याकडे. भावाभावांतलं बोलणं तेवढं कोणाच्याच वाट्याला आलं नाही.

मग मोठ्याकडचा, सांडलेले स्क्रू गोळा करायचा जुना चुंबक सारखा ढिला पडायला लागला. मोठा धाकट्याकडे यायचा, चुंबक बाकावर ठेवायचा, भिंतीकडे बघत पुटपुटायचा, "यात हल्ली दमच राहत नाही." काम झालं की मुकाट्याने निघून जायचा.

आज धाकट्याने चुंबक हातात घेतला तर एका बाजूचा तांबडा रंग फुगून करपलेला. चुंबक तापला की त्याचा जोर जातो, हे त्याला लहानपणी दादानेच कान धरून शिकवलं होतं.

त्याने जोर भरून दिला. दादा वळला तसं त्याने पायानेच स्टूल पुढे सरकवलं.

"दादा, गॅसवर धरत जाऊ नकोस, हात भाजेल एखाद्या दिवशी. नुसताच येत जा की."

दादा स्टुलावर टेकला.

"नुसता कसा येऊ? आपलं बोलणं बंद आहे ना!"