अनुभवी पेशंट

पंधरा वर्षं या नर्सने प्रसूतिकक्षात बायकांचे हात धरले होते. आज कळा तिलाच येत होत्या आणि हाताशी होती फक्त पलंगाची दांडी. तिने बेल दाबली. तिच्यासोबत काम करणारी नर्स पडद्याआडून डोकावली. “अगं, तुला काय सांगायचं? तुला सगळं पाठ आहे!” म्हणत ती शेजारच्या पलंगावर रडणाऱ्या पहिलटकरीण पोरीकडे धावली. तिसऱ्या खेपेच्या बायकांना आपणही असंच म्हणून निघून जायचो, हे तिला आठवलं. तिने पुन्हा बेल दाबली. “आलेच हं, दोन मिनिटं!” पलीकडे सगळे मिळून पोरीला धीर देत होते. मग दात आवळून तिने जोर केला आणि वाकून आपलं बाळ आपणच उचलून घेतलं. बाळाने टाहो फोडला तेव्हा डॉक्टर धावत आले. “कमाल केलीत, सिस्टर! आम्हाला बोलवायचं तरी!” “बोलावलं होतं,” ती बाळाची पाठ पुसत म्हणाली, “दोनदा.”