भिंतीआडची खाट

मुलुंडचं जुनं हॉस्पिटल पाडून त्याच जागी नवं उभं राहणार होतं. या वेळी आर्किटेक्ट, कंत्राटदार आणि हॉस्पिटलची माणसं पहिल्या दिवसापासून एकत्र बसून सगळं ठरवत होती. बांधकामाआधी चूक कळावी म्हणून त्यांनी मोकळ्या प्लॉटवर प्लायवूडचा पूर्ण मापाचा वॉर्ड उभारला. पेशंट म्हणून खाटेवर एक आजोबा झोपले होते.

"सिस्टर, तुमच्या टेबलावरून मी दिसत नाही," ते म्हणाले.

क्षमा सिस्टरनी टेबलाशी बसून पाहिलं. खरंच, मध्ये भिंत येत होती.

"आता भिंत हलवायची म्हणजे सगळ्या पाइपांची वाट लागली," कंत्राटदाराचा इंजिनिअर कृणाल कुरकुरला.

"जुन्या वॉर्डात असाच एक पेशंट भिंतीआडच्या खाटेवर रात्रीच गेला रे. सकाळी मावशी चहा घेऊन गेल्या, तेव्हा आम्हाला कळलं. पुन्हा तेच करायचंय?" सिस्टर म्हणाल्या.

कृणालने खिशातला खडू काढून पुढे केला. आर्किटेक्ट गार्गीने भिंतीवर खडूने मोठी फुली मारली.

बाहेर चहा आला, तसे तिघं वॉर्डाबाहेर आले.

"सिस्टर, तुमचे आजोबा झकास हां," कृणाल म्हणाला. "कुठून आणले?"

"आमचे? मला वाटलं, गार्गीने आणलेत."

"मी नाही. मला वाटलं, कृणालच्या साइटवरचे कुणीतरी असतील."

कृणालने नकारार्थी मान हलवली. तिघांनी वळून वॉर्डाकडे पाहिलं.

 

प्लायवूडच्या आडून हाक आली, "सिस्टर, चहा आला का?"